चार पाच दोन

श्रावणातली दुपार होती, पाऊस नुकताच थांबलेला, मागच्या अंगणातल्या फरशीवर शेवाळं धरलेलं, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबांच्या फिजिओथेरपीचा फॉर्म भरत बसले होते. पेशंटचं नाव, वय, अटॅकला किती महिने झाले, उजवी बाजू की डावी, हे सगळं आता पाठ झालंय, हात आपोआप लिहितो. मग एक रकाना आला, केअरगिव्हरचं नाव. पेन टेकवलं आणि थांबले, कारण समोरच ओट्याशी ती उभी होती, बाबांसाठी पेज गाळत, आणि दिवसाचे बारा तास बाबांचं सगळं तीच करते, मी तर सकाळी सातला शाळेत जाते ती तीनला उगवते. म्हटलं हिचंच नाव लिहावं. तिला विचारलं, तुमच्या नावाचं स्पेलिंग कसं लिहायचं. तिने पदराला हात पुसले, गळ्यातलं एजन्सीचं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं, आणि मग एकदा कार्डाकडे, एकदा माझ्या फॉर्मकडे असं बघत राहिली. म्हणाली, “दीदी, आप तो इंग्लिश पढ़ाती हो, एक बात बताओ. मेरे कार्ड पे लिखा है केयर टेकर. आपके कागज पे लिखा है केयर गिवर. ये दोनों मैं ही हूँ?” मी म्हटलं हो, दोन्हीचा अर्थ एकच. तर ती म्हणाली, “एक कैसे? देती तो मैं हूँ. लेते तो बाबूजी हैं. फिर टेकर तो बाबूजी हुए ना?”

मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. ‘टेक केअर ऑफ’ म्हणजे ‘लुक आफ्टर’, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन त्याची गणती नाही, आणि एकाही मुलाने मला हे कधी विचारलं नाही, मलाही कधी सुचलं नाही. मी काहीतरी पुटपुटले, इंग्रजीत असंच म्हणतात वगैरे. ती “अच्छा” म्हणाली आणि परत पेज गाळायला लागली. पण त्या अच्छामध्ये पटलेलं काही नव्हतं, आणि ते मला कळलं होतं.

देणारी आणि घेणारी एकच कशी?

बाबांचं सांगायला हवं आधी. दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तिळगुळाचा पाक झालाय की नाही बघायला ते स्वयंपाकघरात आले आणि ताटलीत टाकलेला पाकाचा थेंब बोटाने उचलता उचलताच हात खाली पडला. मेंदूची डावी बाजू, त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय थोडासा परत आला, हात नाही आला. बोलणं आलं पण एवढंच आलं: चार पाच दोन. पाणी हवं तरी चार पाच दोन, पंखा बंद करायचा तरी चार पाच दोन, माझा भाऊ पुण्याहून आला आणि त्यांच्या पायाशी बसून रडला तेव्हाही त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवून चार पाच दोन. न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं की असं होतं, मोजणी, देवाचं नाव, शिवी, गाणं, जे वर्षानुवर्षं जिभेवर घोटलेलं असतं ते कधी कधी शिल्लक राहतं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक पेशंट होता, तो काहीही विचारलं तरी ‘तां’ एवढंच म्हणायचा, समजायचं त्याला बरंचसं, पण तोंडातून निघायचं तां. त्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू बघून ब्रोकांनी बोलण्याची जागा शोधली. मी घरी येऊन हे वाचलं तेव्हा मला त्या शोधाचं काही वाटलं नाही, मला वाटलं त्या माणसाला तहान लागल्यावर कोणाला कळत असेल.

चार पाच दोन कुठून आलं हे मात्र डॉक्टरांना आम्हीच सांगितलं. बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते, इंदूर स्टेशनजवळच, अख्खी नोकरी पत्रं लावण्यात गेली. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला तागाच्या थैल्यांचा आणि लाखेचा वास असायचा, बोटांच्या टोकांना शाई, आणि येताना कागदाच्या पुडीत पोहे, वर जीरावन आणि शेव, जिलेबी वेगळी. मी पुडी उघडायचे आणि ते पाय धुता धुता आज कुठल्या कुठल्या गावाची पत्रं हाताखालून गेली ते सांगायचे. नोकरीला लागले तेव्हा पिनकोड नव्हता, तो आला १५ ऑगस्ट १९७२ला, आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, शिवाय संस्कृतचे कवी, हे बाबा पाहुण्यांना अशा अभिमानाने सांगायचे जसं काही वेलणकर आमच्याच वाड्यातले. एकाच नावाची शेकडो गावं, पत्ते कुठल्या कुठल्या लिपीत लिहिलेले, अक्षरं अशी की लिहिणाऱ्यालाच कळावी, आणि त्यावर हे सहा आकडे. पहिले तीन आकडे सॉर्टिंगचा जिल्हा दाखवतात, उरलेले तीन पोस्ट ऑफिस. इंदूरचे पहिले तीन चार पाच दोन. म्हणजे हे पत्र पुढे कुठे जायचं नाही, हे आपलं, इथलंच, घरी पोचलं.

ती आमच्याकडे आली फाल्गुनात. निमाडातली आहे, सेंधव्याच्या बाजूची, नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. त्याआधी एजन्सीने दोन जणी पाठवल्या होत्या, दोघी चार चार दिवसांत गेल्या, आणि तक्रार करायला फोन लावला की कस्टमर केअरवाली बाई रेकॉर्ड केलेल्या गोड आवाजात सांगायची की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग ही आली. पहिल्या दिवशी तिने बाबांना हात लावला नाही. खाटेजवळ स्टूल ओढून नुसती बसली, दुपारभर. मला राग आला होता, खरं सांगते, बारा तासांचे पैसे घेते आणि बसून राहते. संध्याकाळी निघताना म्हणाली, “दीदी, बाबूजी का पानी वाला चार ऊपर से गिरता है, और करवट वाला चार नीचे ही रहता है.” मला काही कळलंच नाही. मग तिने म्हणून दाखवलं. पाणी हवं असलं की बाबा चार जरा चढवून म्हणतात आणि दोनपर्यंत येता येता आवाज उतरतो. कूस बदलायची असली की तिन्ही आकडे एकाच पट्टीत, दाबून. आणि लघवीचं असलं की पाच नुसतं ओठातच राहतं. मी त्यांची मुलगी, जवळजवळ पन्नास वर्षं त्यांचा आवाज ऐकतेय, तोपर्यंत दोन महिने तेच तीन आकडे दिवसरात्र ऐकत होते, आणि मला ते सगळे सारखेच वाटायचे.

त्या श्रावणातल्या दुपारनंतर मी रात्री शब्दकोश काढून बसले. बाबा झोपले होते, एअर बेडची मोटार घुर्र घुर्र चाललेली, तो आवाज आता घराचाच झालाय, बंद पडला तर जाग येते. ‘केअर’ हा शब्द मी किती वर्षं किती हलका समजत होते. स्किन केअर, हेअर केअर, डे केअर, पोरं मेसेजच्या शेवटी टाकतात ते टेक केअर. आणि त्याचं मूळ बघायला गेले तर जुन्या इंग्रजीतला ‘कारु’ किंवा ‘केआरु’ निघाला, आणि त्याचा अर्थ दुःख. शोक. जीव टांगणीला लागणं. त्याचं क्रियापद म्हणजे शोक करणं. त्याच्याही मागे गेलं तर विलाप, रडून आक्रंदणं. येशूला क्रुसावर चढवलं त्या शुक्रवारला इंग्रजीत गुड फ्रायडे म्हणतात पण जर्मनमध्ये ‘कारफ्रायटाग’, त्यातला ‘कार’ म्हणजे हाच शब्द, विलापाचा शुक्रवार. देखभाल, निगराणी, जबाबदारी, हे सगळे अर्थ नंतर त्याच्या अंगावर चढले. ‘केअरफुल’ म्हणजे आधी दुःखाने भरलेला. आणि ‘केअरलेस’, ज्याबद्दल मी मुलांच्या वह्यांवर लाल शाईने शेरे मारते, तो तर मूळचा चांगला शब्द, ज्याला कसलं दुःख नाही असा, निश्चिंत माणूस. निष्काळजी हा ठपका त्याच्यावर नंतर बसला. आणखी एक गोष्ट कळली. केअर आणि क्युअर या दोघींना मी नेहमी बहिणी समजत होते, एकसारख्या दिसतात, एकाच दवाखान्यात भेटतात. पण क्युअर लॅटिनमधून आला, ‘कुरा’वरून, आणि केअर उत्तरेकडच्या जर्मॅनिक घरातला, दोघींचं रक्ताचं नातंच नाही. बरं करणं एका घरातून आलं आणि जवळ बसून जीव जाळणं दुसऱ्या.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले.

मग मराठीकडे मन गेलं. डिस्चार्ज देताना आमचे डॉक्टर, तेही इथलेच मराठी, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाले होते, आता काळजी करू नका, फक्त काळजी घ्या. तेव्हा मी मान हलवली होती, आणि रिक्षात बाबांना धरून बसताना, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत होतं, तेव्हा ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं. तोच शब्द. एकदा करू नका आणि लगेच घ्या. आपल्याकडे वाटते तीही काळजी, लागते तीही काळजी, करायची ती काळजी आणि घ्यायची तीही काळजीच. इंग्रजीने हळूहळू ते वेगळं काढलं, घोर लागायचं काम ‘वरी’कडे दिलं आणि केअरला कोरडं, स्वच्छ, पगारी केलं. मराठीने काढलं नाही. ज्याची घ्यायची त्याची लागणारच, असं आपल्या भाषेने धरूनच ठेवलंय, आणि मला ते बरोबर वाटतं. काळजी म्हटलं की मला कायम त्यात काळीज ऐकू येतं.

आमची मराठी तशी इंदुरीच. पुण्याची मावसबहीण हसायची लहानपणी, कारण आम्ही निरोप देताना ‘आपलं ध्यान ठेव’ म्हणतो, हिंदीतल्या ‘अपना ध्यान रखना’चं जसंच्या तसं. बाबांना ते चालायचं नाही, ते म्हणायचे ‘जपून जा’. कोणीही जाओ, मी कॉलेजात जाऊ दे की दूधवाला गल्लीच्या तोंडाशी जाऊ दे, जपून जा. आणि जपणं म्हणजे जप करणंही, ओठातल्या ओठात तेच ते म्हणत राहणं. मी त्या रात्री एकेक शब्द असा उलटापालटा करून बघत होते. चिंता म्हणजे मुळात विचार. फिकीर अरबीतून आली, फिक्र, तोही विचारच. ध्यान, परत विचार. निगा राखणे यातली निगा म्हणजे फारसीतली नजर. आणि मग आजी वापरायची तो शब्द आठवला, सासऱ्यांची तिने सात वर्षं केली ती, सेवाशुश्रूषा. शुश्रूषा मी आयुष्यभर औषधपाणी, पाय चेपणं, पाठ पुसणं याच अर्थाने ऐकला. तो ‘श्रु’ धातूपासून आहे. जिज्ञासा म्हणजे जाणायची इच्छा, पिपासा म्हणजे प्यायची इच्छा, तशी शुश्रूषा म्हणजे ऐकायची इच्छा. आधी ऐकायची इच्छा, मग गुरूजवळ बसून ऐकणं, त्याच्या हाताखाली राहणं, सेवा, आणि शेवटी आजाऱ्याजवळ बसणं. पहिल्या दिवशी खाटेजवळ स्टूल ओढून नुसती बसलेली ती माझ्या डोळ्यासमोर आली. मला वाटलं होतं काम करत नाहीये.

बाबा सहा दिवस आयसीयूत होते. बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रात्र काढणारे आम्ही सगळे अनोळखी, कोणी उज्जैनचं कोणी धारचं, एकमेकांच्या पिशव्या सांभाळायचो, एकमेकांना थर्मासमधला चहा द्यायचो आणि आतून नर्स बाहेर आली की सगळे एकदम उभे राहायचो. दारावर लाल अक्षरात इंटेन्सिव्ह केअर युनिट. तेव्हा त्या अक्षरांचा मला फक्त धसका होता. नंतर वाचलं की ही कल्पना कुठून निघाली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडॅम हॉस्पिटलात रोज येत होती आणि मशिनं पुरत नव्हती. ब्यॉर्न इब्सेन नावाचे भूलतज्ज्ञ होते, त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला सर्जनकडून छेद देववून नळी घालायला लावली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मग सुमारे १५०० विद्यार्थी, मेडिकलचे आणि दातांच्या कॉलेजचेही, पाळ्या लावून खाटांशी बसले आणि पिशव्या दाबत राहिले, दिवसा रात्री, आठवडेच्या आठवडे. दाबायची, सोडायची, दाबायची. आधी दहातले आठ-नऊ पेशंट जायचे, ते प्रमाण चारात एकावर आलं. पुढच्या वर्षी इब्सेननी अशा पेशंटांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि तिथून ही युनिटं जगभर गेली. माझ्या मनात त्या पोरांचे हात राहिलेत. वीस-बावीस वर्षांची पोरं, समोर एक मूल डोळे उघडे ठेवून आपल्याकडे बघतंय, आणि त्याचा पुढचा श्वास आपल्या मुठीत. काही मुलं त्यांच्या हाताखाली गेलीही असणार. त्या पोरांना टेकर म्हणायचं की गिव्हर, मला ठरवता येत नाही, पण केअर हा शब्द तिथे मूळच्या अर्थाने पूर्ण बसतो.

आता एक जरा अवघड गोष्ट लिहिते. मला तिचा हेवा वाटतो. मी शाळेतून येते, बाबांच्या खोलीत डोकावते, त्यांचे डोळे दाराकडे वळतात आणि माझ्यावर थांबून पुढे सरकतात, तिला शोधतात. ती दिसली की तोंडाची उजवी कड, जी लुळी आहे, तीसुद्धा हलल्यासारखी वाटते. मी त्यांची पाठ पुसते तेव्हा घाईघाईत पुसते, परीक्षेचे पेपर तपासायचे असतात, ती पुसते तेव्हा आधी टॉवेल स्वतःच्या गालाला लावून बघते फार गरम तर नाही ना. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली आणि माकडहाडाशी लाली आली का बघायची, मग पावडर. दीड वर्षात बाबांना एक जखम झालेली नाही. त्यात कृतज्ञता आहेच, रोज आहे, पण कधी कधी रात्री ती गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसते आणि ते चार पाच दोन म्हणतात आणि मी चुकते. पाणी देते, नको असतं. उशी सरकवते, नको असतं. ते डोळे मिटून घेतात. तेव्हा जे वाटतं ते मला केअर या शब्दाच्या जुन्या अर्थाशिवाय कशातच बसवता येत नाही.

आणि तिची मुलगी तिकडे, निमाडातल्या सरकारी होस्टेलात. सातवीत आहे. रोज दुपारी बाबांना भरवून झालं की ती ओट्याशी उभी राहून फोन लावते, लागला तर दोन मिनिटं बोलते, खाना खाया, बाल धोए, ध्यान रखना. आमच्या बाबांच्या टॉवेलाची ऊब ती स्वतःच्या गालाने बघते आणि तिच्या मुलीला ताप आला तर कोण बघतं, हा प्रश्न माझ्या घरातच उभा असतो. आम्ही पगार देतो, सणाला साडी देतो. त्याने तो प्रश्न सुटत नाही हे मला माहीत आहे आणि तिलाही.

शेवटी एकदा मी तिला उत्तर दिलं. पंधरा-वीस दिवस गेले असतील मध्ये, गणपती बसले होते, घरात उकडलेल्या मोदकांचा वास आणि ती बाबांसाठी सारण वेगळं काढून मऊ करत होती. मी म्हटलं, तुमने पूछा था ना, टेकर क्यों कहते हैं. मग सांगितलं की केअर म्हणजे पूर्वी दुःख. टेक केअर म्हणजे ते आपल्याकडे घेणं, अंगावर घेणं. म्हणून जो दुसऱ्याचं दुःख घेतो तो टेकर. मराठीतही आम्ही काळजी घेतोच म्हणतो, देतो म्हणत नाही, काळजी दिली म्हटलं तर त्रास दिल्यासारखं होतं. मला खूप समाधान वाटलं हे सांगताना, माझं मलाच पटलेलं होतं. तिने सारणातला एक खोबऱ्याचा मोठा तुकडा बोटाने बाजूला काढला, जरा विचार केला आणि म्हणाली, “नहीं दीदी. बाबूजी का दुख तो बाबूजी के पास ही है. वो कोई नहीं ले सकता. मैं तो करवट बदलती हूँ.”

माझ्याकडे त्यावर काही नव्हतं. अजूनही नाही.

केअरचा आणखी एक वापर मात्र मला त्या शब्दकोशात नाही, आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यात भेटला होता, पुष्कळ आधी. केअर ऑफ. आजोबांच्या वाड्यात कायम कोणी ना कोणी राहायला असायचं, होळकर कॉलेजात शिकायला आलेली धारची, खरगोनची मुलं, गिरणीत नवीन लागलेला कोणी कारकून, नात्यातले, नात्यातल्यांच्या ओळखीतले. त्यांची पत्रं यायची ती आजोबांच्या नावावर, वरच्या ओळीत मुलाचं नाव आणि खाली केअर ऑफ, नाहीतर मराठीत मार्फत. मार्फत हा अरबीतल्या मारिफतचा, म्हणजे ओळखीचा शब्द, मला ओळखत नसाल तर यांना तर ओळखता. एका मुलाला कावीळ झाली होती तेव्हा आजीने त्याला महिनाभर ऊसाचा रस आणि ताक-भात यावर ठेवलं आणि त्याच्या आईचं रोज कार्ड यायचं. बाबा ती कार्डं आरएमएसमध्ये स्वतःच्या हाताने लावायचे आणि सकाळी घरी येऊन पोस्टमन यायच्या आधीच आजीला सांगून टाकायचे की आज कार्ड आहे, जे नियमात बसत नव्हतं. मला ते समजावून सांगायचे, खालचं नाव महत्त्वाचं. वरचा माणूस आज आहे उद्या खोली बदलेल, पण खालच्याने पत्र हातात घेतलं की त्याची जबाबदारी. पोस्टमन खालचं नाव वाचतो. हे सांगताना ते माझी पाटी घेऊन त्यावर पाकीट काढायचे, चौकोन, तिकीट, ओळी, आणि खाली उजवीकडे सहा घरं.

दिवाळी होऊन गेली होती, थंडी नुकती पडायला लागलेली, दुपारचं ऊन खाटेवर यायचं तेव्हा आम्ही बाबांचे पाय उन्हात ठेवायचो. पोस्टमन हल्ली आमच्याकडे येतो तो एलआयसीच्या नाहीतर बँकेच्या कागदांसाठी, पण त्या दिवशी त्याने फाटकातून एक पिवळं पोस्टकार्ड आत सरकवलं. पन्नास पैशांचं. मला वाटलं कोणाचं तरी चुकून आलं. उचललं तर मोठ्या, जपून काढलेल्या हिंदी अक्षरात तिचं नाव. होस्टेलच्या मॅडमनी सगळ्या मुलींना घरी एकेक कार्ड लिहायला लावलं होतं, आणि हिच्या मुलीने गावाचा पत्ता घातला नाही, आमचा घातला. पहिल्या ओळीत आईचं नाव. दुसऱ्या ओळीत, द्वारा श्री, आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव, आईने कधीतरी फोनवर सांगितलेलं असणार, आडनावात एक मात्रा चुकली होती. मग लोकमान्य नगर, इंदौर. आणि सहाही घरं भरलेली, आकडे घराच्या बाहेर जाऊ नयेत म्हणून बारीक काढलेले.

तिने दारातच उभं राहून वाचलं, दोनदा. मग पदर तोंडाला लावला. मग आत आली आणि कार्ड बाबांसमोर धरलं, “देखो बाबूजी, आपके नाम से आई है.” बाबांनी डावा हात पुढे केला. कार्ड घेतलं, उलटं धरलं होतं ते अंगठ्याने खाटेवर टेकवून फिरवून सरळ केलं, आणि डोळ्यांजवळ नेलं. ते वरून वाचत नव्हते. त्यांची नजर खाली उजवीकडे गेली, थेट. अंगठा पहिल्या घराखाली आणून ठेवला. चार, म्हणाले. हे वर चढलेलं नव्हतं, दाबलेलंही नव्हतं, आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, कारण असं चार आम्ही ऐकलं नव्हतं. अंगठा सरकला. पाच. अंगठा सरकला. दोन. मग तो चौथ्या घराखाली आला आणि तिथे थांबला, कार्ड थोडं थरथरायला लागलं, ओठ उघडले, जीभ टाळूला लागली आणि आवाज आला नाही. गॅसवर पेज उतू जात होती, तिचा चर्र आवाज येत होता, मी उठले नाही. ती स्टूल ओढून खाटेला लागून बसली, कार्डाच्या दुसऱ्या कडेला आपली दोन बोटं आधाराला लावली, आणि म्हणाली, “हाँ बाबूजी. आगे?”